संकल्पाची आठवण आणि उतरते वय

आपल्या मराठीत ‘आठवणीने’ असे एक क्रियाविशेषण आहे. ‘येताना आठवणीने दळण घेऊन ये’, ‘गोळी आठवणीने घ्या’, ‘पोहोचलात की आठवणीने कळवा’. दिवसातून दहा वेळा तरी हा शब्द कानावर पडतो, आणि दहाही वेळा त्याचा रोख पुढे घडावयाच्या गोष्टीकडे असतो. वास्तविक आठवण ही मागच्या गोष्टीची. पतंजलीने योगसूत्रांत स्मृतीची जी व्याख्या केली आहे तीत अनुभवलेला विषय मनातून निसटू न देणे एवढेच स्मृतीचे काम सांगितले आहे. दळण तर अजून आणलेले नाही, गोळी घेतलेली नाही. जे अनुभवलेलेच नाही ते आठवावयाचे कसे? परंतु घरोघरच्या बोलण्याने शास्त्राची वाट न पाहता हा शब्द रूढ करून टाकला, आणि ज्या वस्तूची स्वतंत्र दखल घेण्यास मानसशास्त्राला १९७० नंतरचे दशक उजाडावे लागले ती वस्तू त्यात नेमकी पकडली.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत हिला प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात. मी तिला संकल्पस्मृती म्हणणार आहे, कारण हिच्यात आठवावयाचा असतो तो प्रसंग नव्हे, तर आपणच केलेला संकल्प. अमुक वेळी अमुक करीन असे मनुष्य ठरवतो, मग दुसऱ्या कामाला लागतो, आणि ती वेळ आली की हातातले काम बाजूला सारून ठरवलेले करतो. निदान करावे अशी अपेक्षा असते. वय वाढत जाते तसे या शक्तीचे काय होते, हा आजचा विषय आहे.

विषय पुस्तकी वाटण्याचा संभव आहे. पण तो तसा नाही. घरात सत्तरी ओलांडलेले माणूस असते. एके दिवशी त्याच्याकडून दुधाचे पातेले गॅसवर राहते, एके दिवशी विजेचे बिल भरण्याचे राहते. तेवढ्यावर घरात कुजबूज सुरू होते आणि थोड्याच दिवसांत ‘आता यांच्यावर काही सोपवायला नको’ असा निकाल लागतो. हा निकाल एकदा लागला की तो सहसा फिरत नाही. बँकेचे काम मुलाकडे, औषधे सुनेकडे, किल्ल्या आणखी कोणाकडे. हा निकाल कितपत पुराव्याला धरून असतो ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम या स्मृतीची जात ओळखू. मागची गोष्ट आठवण्याकरिता बहुधा कोणीतरी विचारणारे असते. परीक्षक विचारतो, वकील विचारतो, शेजारी विचारतो, ‘काल कोण पाहुणे आले होते?’ प्रश्न आला की मन उत्तर शोधावयास निघते. संकल्पस्मृतीत विचारणारा कोणीच नसतो. एक गृहस्थ सकाळी घरातून निघताना ठरवतात की, परत येताना चष्मा दुरुस्तीला टाकावयाचा. परत येतात तेव्हा चष्म्याच्या दुकानावरूनच येतात. दुकान डोळ्यांना दिसतेसुद्धा. पण मनात पेन्शनीची फाइल घोळत असते आणि पाय घराकडे वळतात. घरी पत्नी विचारते, ‘चष्मा टाकलात का?’ आणि ते कपाळावर हात मारून घेतात. म्हणजे काय टाकावयाचे, कोठे टाकावयाचे, हे सारे त्यांच्या मनात शाबूत होते. एका शब्दाच्या टोचणीने ते वर आले. सामान घरातच होते. वेळेवर दारात आले नाही इतकेच.

तेव्हा या स्मृतीला दोन अंगे आहेत. काय करावयाचे हे एक, आणि ‘आत्ता काहीतरी करावयाचे आहे’ हे दुसरे. पहिले साध्या स्मृतीसारखेच आहे. खरी अडचण दुसऱ्या अंगाची. आपल्या आज्या पदराला गाठ मारीत असत. त्या गाठीत काय असते? काय करावयाचे ते तिच्यावर लिहिलेले नसते. ‘काहीतरी आहे बरे का’ एवढेच ती सांगते. उरलेले मन स्वतः पुरवते. नेमक्या दुबळ्या अंगालाच तेवढा आधार देणारी ही युक्ती आहे, आणि ती कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेली नाही.

खूण कोठे असावी याचे आपल्या वाङ्मयातले सर्वांत महाग उदाहरण कालिदासाने रंगविले आहे. दुष्यंत राजधानीस परत निघताना आपले नाव कोरलेली अंगठी शकुंतलेच्या बोटात घालतो आणि सांगतो की, यातले एकेक अक्षर रोज मोज; नाव संपण्याच्या आत तुला न्यावयास माणूस येईल. पुढे दुर्वासांच्या शापाने राजाची सारीच स्मृती हरपली हे खरे. पण शाप क्षणभर बाजूला ठेवून त्या व्यवस्थेकडे पाहा. माणूस पाठविण्याचे काम राजाचे, आणि दिवस मोजण्याची खूण शकुंतलेच्या बोटात! ज्याने करावयाचे त्याच्यापाशी खूण नाही, आणि जिच्यापाशी खूण आहे तिच्या हाती काही नाही. पुढे तीच अंगठी कोळ्याकडून राजाच्या हाती येते तेव्हा तिचा परिणाम एका क्षणात होतो.

आधुनिक काळात या विसरण्याकडे प्रथम ज्यांचे लक्ष गेले त्यांत फ्रॉइड होता. १९०१ साली त्याने दैनंदिन जीवनातील चुकांवर जे लिहिले त्यात संकल्प विसरण्यावर स्वतंत्र विवेचन आहे. विसरलेल्या संकल्पामागे बहुधा न करण्याची सुप्त इच्छा असते, असा त्याचा कल. प्रेमिकांच्या दरबारात आणि सैन्यात ‘विसरलो’ ही सबब चालत नाही, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. सासुरवाडीचा अनुभव असणारे त्यात तिसरे ठिकाण घालतील. पण सगळेच विसरणे इच्छेच्या माथी मारणे मला पटत नाही. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन याच्या हाताखाली काम करणाऱ्या बिरेनबाउम या विदुषीने १९३० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग अधिक बोलके आहेत. माणसांना आगकाड्यांची कोडी ओळीने सोडवावयास दिली होती आणि प्रत्येक कागदावर सही करा असे सांगितले होते. कोडी एकाच धर्तीची चालत तोवर सही बिनचूक होई. मध्येच निराळ्या धर्तीचे काम आले की सही राहून जाई. सही न करण्याची गुप्त इच्छा कोणाला असणार? सही ही त्या कामाच्या ओघात वाहत होती; ओघ तुटला तशी तीही राहिली. ओघाचा हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आता वयाकडे वळू. १९८६ साली फर्गस क्रेक या टोरोंटोच्या मानसशास्त्रज्ञाने एक तर्कशुद्ध भाकीत केले. त्याचे म्हणणे असे की, वार्धक्यात स्मृती सरसकट घटत नाही. जेथे मनाला स्वतःहून उचल घ्यावी लागते तेथे ती अधिक घटते, आणि जेथे बाहेरून आधार मिळतो तेथे कमी. समोर चार नावे ठेवून ‘यांतले कोणते?’ असे विचारले तर वृद्ध माणूस तरुणाच्या जवळपास येतो. नुसते ‘नाव काय होते?’ विचारले तर मागे पडतो. संकल्पस्मृतीत तर विचारणाराच नाही, सारी उचल स्वतःची. म्हणून वयाचा सर्वांत मोठा घाला हिच्यावर पडावा.

तर्क बिनतोड दिसतो. पण १९९० साली जी. ओ. आइन्स्टाइन (सापेक्षतावाले नव्हेत) आणि मार्क मॅकडॅनियल या अमेरिकन जोडीने तो प्रयोगाला लावला तेव्हा निराळेच दिसले. माणसांना शब्द पाठ करण्याचे काम दिले होते, आणि अमुक एक शब्द पडद्यावर आला की एक कळ दाबा, असे सांगून ठेवले होते. वृद्ध आणि तरुण दोघेही सारखेच निघाले. भाकीत फसले म्हणावे, तर पुढच्या प्रयोगांत ते निम्मे खरेही ठरले. खूण म्हणून शब्द न देता ‘दर अमुक मिनिटांनी कळ दाबा’ असे सांगितले, तेव्हा वृद्ध स्पष्टपणे मागे पडले.

हा फरक स्वयंपाकघरात कोणालाही पाहता येतो. ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा’ हा खुणेचा संकल्प. शिट्टी स्वतः येऊन कान धरते. ‘वीस मिनिटांनी गॅस बंद करा’ हा घड्याळाचा संकल्प. घड्याळ कोणाला हाक मारीत नाही. त्याच्याकडे पाहण्याची आठवण पुन्हा आपणच आपल्याला करावयाची, म्हणजे एका संकल्पाच्या पोटात दुसरा संकल्प. सेसी आणि ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९८५ साली दहा आणि चौदा वर्षांच्या मुलांना भट्टीतील केकवर अर्धा तास लक्ष ठेवावयास सांगितले होते. स्वतःच्या घरी असताना मुले आरंभी दोनचारदा घड्याळ पाहत, मग मध्यंतरी खुशाल खेळत, आणि वेळ भरत आली की पुन्हा पुन्हा पाहत. जणू मनात वेळेचा अंदाज बांधून ती मोकळी होत. प्रयोगशाळेत वृद्धांचे नेमके हेच कमी पडते: शेवटच्या टप्प्यात घड्याळाकडे जितक्या वेळा नजर जावयास हवी तितक्या वेळा जात नाही.

खुणेखुणेतही फरक आहे. जे काम चालू आहे त्याच्या वाटेतच खूण उभी असेल तर ती चुकत नाही. वाट सोडून बाजूला असेल तर ती शोधण्यासाठी मनाचा एक भाग सतत राखून ठेवावा लागतो. तरुण मन हा खर्च सोसते, उतरत्या वयातल्या मनाला तो जड जातो. मेंदूत कपाळामागचा जो पुढचा भाग आहे त्याचा या राखून ठेवण्याशी निकटचा संबंध आहे, आणि वय वाढते तसा हाच भाग लवकर थकणाऱ्यांपैकी आहे.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो याच जोडीचा २००० सालचा प्रयोग. त्यात खूण दिसली की लगेच कळ दाबावयाची नव्हती. हातातला टप्पा पुरा होईपर्यंत, म्हणजे काही सेकंद, फार तर अर्धे मिनिट, थांबावयाचे होते. एवढ्या अवकाशात तरुणांचे फारसे बिघडले नाही. वृद्धांचे बिघडले, आणि ठळकपणे बिघडले. म्हणजे पाहा, खूण दिसली, संकल्प आठवला, आणि तरीही काम झाले नाही, कारण आठवणे आणि करणे यांच्यामध्ये चार क्षणांची फट होती.

या फटीत किती संसार बुडतात! आजोबांना गोळी आठवते. पाणी आणावयास ते स्वयंपाकघरात जातात. तेथे नळ ठिबकत असतो. तो ते घट्ट करतात. दारावर कोणी घंटा वाजवतो. परत येऊन खुर्चीत बसतात ते वर्तमानपत्र घेऊनच. रात्री गोळी पाकिटातच निघते आणि घरचे म्हणतात, ‘यांना गोळीची आठवणच राहत नाही.’ आठवण राहिली होती; ती ओघातून बाहेर पडली, बिरेनबाउमबाईंच्या सहीसारखी. आठवणच न होणे आणि आठवण होऊन हातून निसटणे या दोन व्याधी निराळ्या आहेत, आणि दुसरीवरचा उपाय अगदी स्वस्त आहे: पाण्याचा तांब्या गोळीशेजारी ठेवावा, म्हणजे फटच राहत नाही.

इथवर हिशेब वृद्धांच्या विरुद्ध गेला. आता त्याची दुसरी बाजू पाहू.

१९८२ साली मॉरिस मॉस्कोविच यांनी तरुणांना आणि वृद्धांना ठरलेल्या वेळी घरून टेलिफोन करावयास सांगितल्याचा वृत्तांत दिला. प्रयोगशाळा नाही, कळ नाही; आपापल्या दिनक्रमात राहून फोन करावयाचा. वृद्ध तरुणांहून चोख निघाले. वृद्ध वेळ लिहून ठेवीत, तरुण आपल्या स्मृतीच्या भरवशावर राहत. पुढे ऑस्ट्रेलियात पीटर रेंडेल आणि त्यांचे सहकारी थॉमसन यांनी हीच गोष्ट १९९९ साली अधिक काटेकोरपणे तपासली: आठवडाभर, रोज चार वेळा, ठरलेल्या घटकेला हातात मावणाऱ्या यंत्रावर नोंद करावयाची. तेथेही वृद्ध पुढे. आणि त्याच वृद्धांना प्रयोगशाळेत बसविले की ते मागे!

ही विसंगती निवांतपणे पाहण्याकरिता रेंडेल आणि क्रेक यांनी २००० साली एक खेळ रचला. सोंगट्या-फाशांचा पट, पटाची एक फेरी म्हणजे एक दिवस. फासा टाकीत सोंगटी सकाळपासून रात्रीपर्यंत न्यावयाची, वाटेत न्याहारी, खरेदी, भेटीगाठी असे प्रसंग यावयाचे आणि त्यांत निवड करावयाची. त्यातच न्याहारीला आणि रात्रीच्या जेवणाला औषध, अकरा वाजता आणि रात्री नऊ वाजता दुसरे औषध, कोणाचा निरोप, कोणाचे काम, हे सारे आठवून सांगावयाचे. पटावरच्या या आठवड्यात तरुण जिंकले. मग तशीच कामे खऱ्याखुऱ्या आठवड्यात, ज्याच्या त्याच्या घरी करावयास दिली. तेथे वृद्ध जिंकले. तीच न्याहारी, तेच औषध. एकदा पटावर आणि एकदा स्वयंपाकघरात.

हे असे का व्हावे? पहिले उत्तर सुचते ते चिठ्ठ्या-चपाट्यांचे: वृद्ध लिहून ठेवतात. ते खरे आहे, पण पुरे नाही. काही अभ्यासांत लेखी आधार बाजूला ठेवूनही वृद्धांची सरशी टिकली. दुसरे उत्तर आस्थेचे. २०१० साली आबर्ले, रेंडेल आणि इतरांनी केलेल्या अभ्यासात तरुणांना बक्षिसाची आशा दाखविली, तेव्हा घरच्या कामातले वृद्धांचे आधिक्य नाहीसे झाले. म्हणजे तरुणांना आठवत नव्हते असे नाही. त्यांना त्या फोनचे काही वाटत नव्हते. वृद्धांनी शब्द दिला होता आणि ते तो पाळीत होते. फ्रॉइडचे म्हणणे येथे थोडेफार मान्य करावे लागते.

तिसरे उत्तर धांदलीचे, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. डेनीझ पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली संधिवाताच्या १२१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वये ३४ ते ८४. औषधाच्या बाटलीच्या झाकणात झाकण केव्हा उघडले याची नोंद करणारे यंत्र बसविले होते. तेव्हा सांगोवांगीचा प्रश्नच नव्हता. चार आठवड्यांनंतर पाहिले तो सर्वांत कमी चुका वृद्धांच्या. त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांची एकही चूक नाही. सर्वांत अधिक चुका कोणाच्या? मध्यमवयीनांच्या. वास्तविक बुद्धीच्या कसोट्यांवर मध्यमवयीन वृद्धांहून सरस होते. परंतु ज्याचा दिवस अधिक गजबजलेला त्याची गोळी अधिक चुकली. जो कर्ता मुलगा वडिलांच्या विसराळूपणाची चिंता करतो, त्याने स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकदा मोजून पाहाव्यात.

अर्थात या अभ्यासांतील वृद्ध हे आपले आपण राहणारे, हिंडतेफिरते लोक होते. अतिवृद्धांना आणि रोगग्रस्तांना ही गणिते लागू पडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

तथापि मला या साऱ्यामागे आणखी एक कारण दिसते. प्रयोगशाळेत वृद्ध माणूस एकटा असतो. घरी तो एकटा नसतो. त्याच्या बाजूने त्याचे घर उभे असते. तीस वर्षे एका जागी राहिलेल्या माणसाने आपला दिवस हळूहळू अशा रीतीने मांडलेला असतो की, एक काम दुसऱ्याला हात धरून आणते. चहा झाला की देवपूजा. देवापाशीच डबी, डबीत सकाळची गोळी. पूजा झाली की वर्तमानपत्र. ते संपले की फिरावयास. जाताना दाराच्या खुंटीला पिशवी, पिशवीत दुरुस्तीची चप्पल. भिंतीवर कॅलेंडर. १९७३ साली निघालेल्या कालनिर्णयाचे चौकोन आपल्याकडील कित्येक घरांत पंचांगाइतकेच दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख आणि डॉक्टरची वेळ लिहिण्यास लागतात. या घरात घड्याळाचे संकल्प एकेक करून खुणेचे संकल्प झालेले असतात. ‘आठ वाजता’ नव्हे, ‘पूजेनंतर’. वयाने जी शक्ती कमी होते तिची गरजच पडू नये, असा बंदोबस्त माणसाने नकळत केलेला असतो.

म्हणूनच वृद्धांची जागा बदलते तेव्हा काय होते याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. गावचे घर बंद करून आईवडील मुलाच्या शहरातील फ्लॅटमध्ये येतात. तेथे चहा साडेआठला, देव कपाटात, वर्तमानपत्र मोबाइलवर. औषधे नीटनेटकी दिसावीत म्हणून कोणीतरी ती खणात ठेवते. महिन्याभरात सून नवऱ्याला सांगते, ‘इथे आल्यापासून आई फार विसरायला लागल्यात.’ त्यांच्या मेंदूत त्या एका महिन्यात काही घडलेले असेलच असे नाही. पण त्यांच्या अर्ध्या खुणा गावच्या घरात कुलपात राहिल्या आहेत हे निश्चित. रुग्णालयातून परतल्यावर, घरातील लग्नकार्यात, प्रवासात असेच होते. २०११ च्या जनगणनेत साठीवरील माणसे आपल्या देशात दहा कोटींहून अधिक होती, आणि त्यांतल्या पुष्कळांना केव्हातरी असे एक घर सोडावे लागते.

आता दुसऱ्या धोक्याकडे वळतो, कारण विसरण्याची चर्चा करताना तो मागे राहतो. केलेले काम केले हे विसरणे. गोळी घेतली की नाही घेतली? काम जितके नेमाचे तितका हा प्रश्न बिकट, कारण आजची गोळी आणि कालची गोळी यांच्या आठवणी एकसारख्या. एकीवर दुसरीची छाया पडते. आइन्स्टाइन आणि मॅकडॅनियल यांच्याच १९९८ च्या प्रयोगात वृद्धांकडून वगळण्याच्या चुकांखेरीज तेच काम पुन्हा करण्याच्या चुका अधिक झाल्या. २०१२ साली स्कलिन, बग आणि मॅकडॅनियल यांनी आणखी एक गोष्ट दाखविली: संकल्प संपला, आता कळ दाबावयाची नाही, असे सांगितल्यावरही जुनी खूण दिसताच कळ दाबणारे वृद्धांत अधिक होते. डॉक्टरने बंद केलेली गोळी जुन्या डबीतून महिनाभर पोटात जात राहते, तिचे एक कारण येथे असावे.

यात थट्टेवारी नेण्यासारखे काही नाही. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यामुळे माणसे दगावली आहेत. येथे एक गोळी विसरण्यापेक्षा एक गोळी अधिक आठवणे भयंकर. असे औषध घरात असेल तर वार ठरलेला असावा, तो घरातील दोघांना माहीत असावा आणि त्याची डबी रोजच्या डबीपासून लांब असावी.

हा प्रश्न केवळ म्हाताऱ्यांचा नाही याचा दाखलाही गमतीचा आहे. १९६० नंतर अमेरिकेत संततिनियमनाची गोळी आली तेव्हा ती साध्या बाटलीतून मिळे. इलिनॉय राज्यातील जिनीव्हा गावच्या डेव्हिड वॅग्नर या अभियंत्याच्या घरी ‘आज घेतली की नाही?’ यावरून रोज खटके उडू लागले. त्याने एका कागदावर वार लिहिले आणि प्रत्येक वारावर त्या दिवसाची गोळी ठेवली. जागा रिकामी दिसली की घेतली. पण काहीतरी पडून कागद उधळला, गोळ्या सांडल्या. तेव्हा त्याने वार दाखविणारी फिरती डबी बनविली आणि १९६२ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपल्याकडील सरकारी ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यांतल्या २१ औषधाच्या, सात लोहाच्या. त्या सात दिवसांत काहीच घ्यावयाचे नसते तर नेम तुटला असता. लोहाच्या गोळीने नेमही चालू राहतो आणि रक्तालाही मदत होते. वारांच्या कप्प्यांची डबी आता कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. तिचा खरा उपयोग आठवण करून देण्याचा नसून, रिकाम्या कप्प्याने साक्ष देण्याचा आहे.

उपायांची यादी देण्याचा माझा विचार नाही. एकच युक्ती सांगतो, कारण तिची परीक्षा झालेली आहे. ल्यू आणि पार्क यांनी २००४ साली साठ ते एक्क्याऐंशी वयाच्या लोकांना घरी रक्तातील साखर रोज ठरावीक वेळा तपासावयास सांगितले. एका गटाने सूचना पुन्हा पुन्हा घोकल्या. एका गटाने हे का करावे याची कारणे विचारात घेतली. तिसऱ्या गटाने काही क्षण डोळ्यांसमोर चित्र आणले: उद्या त्या वेळी मी कोठे असेन, काय करीत असेन, आणि तेथून उठून तपासणी कशी करीन. तीन आठवड्यांत तिसऱ्या गटाच्या तपासण्या इतरांच्या सुमारे दीडपट झाल्या. घोकण्याने आणि पटवून घेण्याने जे झाले नाही ते चित्राने झाले, कारण चित्रात वेळेऐवजी जागा आली आणि जागा ही खूण आहे. वडिलांना ‘गोळी विसरू नका हं’ असे पाच वेळा बजावणारे चिरंजीव त्यांना घोकणाऱ्या गटात बसवीत असतात. ‘उद्या गोळी कुठं बसून घेणार, बाबा?’ हा प्रश्न अधिक कामाचा.

मोबाइलचा गजर हा उपाय लगेच सुचतो, आणि तो वाईट नाही. पण गजर वाजतो तेव्हा आजींचे हात कणकेत असतात. त्या कोपराने गजर बंद करतात, आणि मग ती अर्ध्या मिनिटाची फट आडवी येते. गजर लावावयाचा तर तो गोळीच्या डबीशेजारी वाजावा, खिशात नव्हे.

एक खुलासा येथे अवश्य आहे. कोणी आठवण करून देताच ‘अरे हो!’ म्हणणारा वृद्ध आणि आठवण करून दिल्यावरही ‘असे ठरलेच नव्हते’ म्हणणारा वृद्ध, या दोघांत अंतर आहे. रोजच्या वाटा चुकणे, ओळखीच्या वस्तूचा उपयोग न कळणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारणे, ही लक्षणे वयाच्या खात्यावर मांडू नयेत. त्यासाठी डॉक्टरकडे जावे, आणि लवकर जावे.

इन्सेल, आइन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली रक्तदाब असलेल्या पासष्टीपुढील लोकांवर केलेला प्रयोग या साऱ्या युक्त्या एकत्र बांधणारा होता. गोळी रोजच्या एखाद्या कामाला जोडून देणे, आठवताक्षणी घेणे, घेताना मोठ्याने म्हणणे वा काही वेगळी कृती करणे, चित्र डोळ्यांसमोर आणणे. औषध वेळेवर घेण्याचे प्रमाण शेकडा ५७ वरून ७८ वर गेले. पाच महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा ही कमाई बरीचशी ओसरली होती. मला याचे नवल वाटत नाही. जुन्या घरातल्या खुणांची मांडणी बसावयास तीस वर्षे लागली होती. नवी मांडणी काही आठवड्यांत पक्की होणार नाही. ती अधूनमधून तपासावी लागते, पाहुणे येऊन गेल्यावर, दिवाळीची साफसफाई झाल्यावर, आजारपणानंतर. आणि डबीची जागा ज्याची गोळी त्यानेच ठरवावी. आजींना ती तुळशीच्या कट्ट्यापाशी, पाण्याच्या गडव्याशेजारी हवी असेल तर पाहुण्यांना कशी दिसेल याचा विचार न करता तेथेच राहू द्यावी. पावसाळ्यात तेवढे तिच्यावर घट्ट झाकण असावे.